बारकूनं ऐकलेली गाय

बारकूनं आठवी गायही रिकामी ठरवली, तेव्हा बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा काढून पुसला.

"रिकामी," गोठ्यातल्या छोट्या स्पीकरमधून बारकूचा आवाज पुन्हा आला. कुणी विचारलं नव्हतं, तरी त्यानं दुसऱ्यांदा सांगितलं.

तपासणीच्या खोड्यात उभ्या असलेल्या त्या देवणी गायीला सातवा महिना चालू होता. रस्त्यानं जाणाऱ्या माणसालाही तिच्या पोटाकडं नुसतं बघून कळलं असतं. पण बारकूला डोळे नव्हते. प्रयोगशाळेतल्या मदतनिसानं खांद्यापर्यंतचा हातमोजा घालून गायीच्या आत हात घातला होता. हातमोज्याच्या बोटांत दाब ओळखणारी बारीक जाळी होती. त्या जाळीतून जे कळेल त्यावरून बारकूनं सांगायचं होतं, गाय गाभण आहे की नाही आणि असेल तर किती महिन्यांची.

आठपैकी पाच गायी गाभण होत्या. बारकूनं आठही रिकाम्या ठरवल्या. गुण पडले आठपैकी तीन, आणि ते बारकूला नाही, ईश्वरी बिरादारला पडले.

ईश्वरी विद्यार्थ्यांसाठी आखलेल्या पिवळ्या पट्ट्याच्या मागं उभी होती. पशुवैद्यकाच्या शेवटच्या वर्षाची ही शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा होती. बाहेर आल्यावर तिची मैत्रीण संबोधी वाघमारे म्हणाली, "तुझ्या बारकूनं सगळ्या तालुक्याची नसबंदी केली की गं." मग ईश्वरीचा चेहरा बघून तिनं जीभ चावली.

बारकू हा ईश्वरीचा शिष्य होता. विद्यापीठाच्या कागदपत्रांतही त्याला 'शिष्य'च म्हणत.

विचारलं की उत्तर देणारी यंत्रं मुलांच्या हातात आली, तेव्हा विद्यापीठांना आधी कौतुक वाटलं, मग धास्ती. निबंध निर्दोष येऊ लागले. प्रकल्प असे नेटके, की तपासणाऱ्याला स्वतःची लाज वाटावी. आणि तोंडी परीक्षेत तीच मुलं स्वतःच्या प्रकल्पाचं शीर्षक आठवत छताकडं बघत बसत. बंदी घालून झाली, लबाडी पकडणारी यंत्रं आणून झाली, कशाचाच उपयोग झाला नाही. मग कुणीतरी उलटा विचार केला. सगळं येणारं यंत्र मुलांना देण्यापेक्षा काहीच न येणारं द्यायचं. भाषा, हिशेब, तर्क एवढं सगळं शिकून तयार असलेल्या यंत्राच्या जाळ्यातून एका विषयाचे धागे नेमके शोधून निकामी करता येऊ लागले होते. असं यंत्र गप्पा मारतं, प्रश्न विचारतं, गाय म्हणजे काय हेही त्याला ठाऊक असतं. गायीच्या पोटात काय असतं, ते मात्र त्याला कुणीतरी शिकवावं लागतं. विद्यार्थ्यानं आपल्या शिष्याला शिकवायचं आणि परीक्षा शिष्यानं द्यायची. ज्याला शिकवता येत नाही त्याला ते येत नाही, इतकं साधं त्यामागचं तत्त्व होतं. गेली सहा वर्षं ते बरं चाललं होतं.

"खरं सांग," डॉ. नसरीन काझी म्हणाल्या. पशुप्रजनन विभागाच्या त्या प्रमुख. "दुसऱ्या कुठल्या यंत्राकडून शिकवून घेतलंस का याला?"

"नाही मॅडम."

"मग गावात एवढं बरोबर सांगणारा इथं येऊन असा कसा झाला?"

प्रश्न रास्त होता. महाविद्यालयात गायी थोड्या आणि मुलं फार, म्हणून बहुतेकांनी शिष्याला बाहेर शिकवलं होतं. ईश्वरीचे वडील शिवलिंग बिरादार मांजरा नदीकाठच्या दहा-बारा गावांत जनावरं तपासत. सुट्ट्यांमध्ये ती त्यांच्याबरोबर फिरली होती. दीडशेच्या वर गायी तिनं बारकूला शिकवल्या होत्या. शेवटच्या चाळीसांत बारकू फक्त दोनदा चुकला होता.

"चुकण्यातही एक गंमत आहे," काझी मॅडम म्हणाल्या. रागाची जागा आता कुतूहलानं घेतली होती. "न शिकलेला शिष्य अंदाजानं काहीही सांगतो. कधी गाभण म्हणेल, कधी रिकामी. हा आठही वेळा एकच सांगतो, तेही ठामपणे. याला काहीतरी नक्की माहीत आहे. काय माहीत आहे, ते बघायला पाहिजे."

पुढचे दोन दिवस दोघींनी एकेक शंका खोडून काढली. हातमोजा बिघडला असेल, म्हणून दुसरा घालून बघितला. तेच. मदतनिसाचा हात जाड असेल, म्हणून ईश्वरीनं स्वतः हात घातला. तेच. गावातल्या गायी आणि महाविद्यालयातल्या गायी वेगळ्या असतील, पण त्याही देवणीच. शेवटी मॅडमनी गावातल्या गायींची साठवलेली नोंद, ईश्वरीनं उत्तर सांगण्याआधी तोडून, बारकूला पुन्हा दाखवली. बारकूनं पटापट बरोबर उत्तरं दिली.

"आता आवाज बंद कर," मॅडम म्हणाल्या.

ईश्वरी शिकवताना बोलायची, ते बारकूला ऐकू यावं म्हणून तिच्या कॉलरला छोटा माइक असायचा. हातमोजा आणि माइक, अशी दोन्ही दारं बारकूला उघडी होती. ईश्वरीनं माइकची नोंद काढून टाकली. त्याच गायी, तेच हातमोज्यानं टिपलेले दाबाचे ठसे.

"रिकामी," बारकू म्हणाला. "रिकामी. रिकामी. रिकामी."

मॅडम खुर्चीत पुढं सरकल्या. त्यांनी एका गाभण गायीचे ठसे घेतले आणि त्यांना एका रिकाम्या गायीचा आवाज जोडला. बारकूनं गाय रिकामी सांगितली. मग रिकाम्या गायीच्या ठशांना गाभण गायीचा आवाज जोडला. बारकू म्हणाला, "गाभण."

"हा गाय तपासतच नाही," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "हा गाय ऐकतो."

दोघी पूर्ण नोंद ऐकायला बसल्या. ईश्वरीचाच आवाज होता, गर्भाशयाच्या दोन फाट्यांबद्दल, म्हणजे शिंगांबद्दल बोलणारा. "डावं शिंग बारीक लागतंय. आता उजवीकडं जाते. उजवं शिंग... उजवं जरा भरल्यासारखं..." आणि मागं, माइकपासून लांब, घशातल्या घशात कुणीतरी म्हटलं, "हं."

लगेच ईश्वरीचा आवाज बदलला, सैल झाला. "गाभण. तीन महिने."

दुसरी गाय. "उजवं शिंग... जरा भरल्यासारखं..." इथं 'हं' आला नाही. मागचा तोच आवाज कुणाला तरी म्हणाला, "काय गुंडप्पा, सोयाबीन काढलं का?"

"नाही, नाही, रिकामी आहे," ईश्वरी घाईनं म्हणाली.

तिसरी, चौथी, दहावी. प्रत्येक गाभण गायीला एक 'हं'. प्रत्येक रिकाम्या गायीला सोयाबीन, नाहीतर लग्नाची गोष्ट, नाहीतर लाइट कधी येणार.

"कोण आहे हे?"

"अप्पा," ईश्वरी म्हणाली. "माझे वडील."

यंत्र शिकतं तेव्हा आपण शिकवलेलंच शिकतं असं नाही. समोर पडलेल्या सगळ्या खुणांतून जी सर्वांत सोपी, तिला ते धरतं. बोटांखालच्या ओल्या, हलत्या, दरवेळी वेगळ्या लागणाऱ्या मांसापेक्षा एक 'हं' ओळखणं हजारपट सोपं होतं. बारकूनं लबाडी केली नव्हती, सोपी वाट धरली होती. परीक्षेच्या गोठ्यात 'हं' म्हणायला कुणी नव्हतं. म्हणून आठही रिकाम्या.

"यात घाबरण्यासारखं काही नाही," मॅडम म्हणाल्या. "दीडशे गायींचे ठसे तुझ्याकडं आहेत, खरी उत्तरंही आहेत. आवाज काढून टाक आणि त्यांच्यावर बारकूला नव्यानं तयार कर. दुपारभरात शिकेल. ठसे तुझेच, त्यामुळं नियमात बसतं. तीन आठवड्यांनी फेरपरीक्षा आहे, पास होशील. चांगल्या मार्कांनी होशील."

"आणि मी?"

"तू काय?"

"मला येतं का, मॅडम?"

काझी मॅडमनी तिच्याकडं नीट बघितलं. मग खुंटीवरचा साधा प्लास्टिकचा हातमोजा काढून तिच्यापुढं धरला. "चल, बघू."

गोठ्यात कुणी बोललं नाही. ईश्वरीनं पहिल्या गायीच्या आत हात घातला, गर्भाशय तळहाताखाली घेतलं. डावं शिंग, उजवं शिंग. उजवं जरा भरल्यासारखं वाटलं. आणि तिच्या लक्षात आलं, की तिचा हात थांबला आहे. हात थांबला होता आणि कान मागं वळले होते. ती वाट बघत होती.

मागं कुणी नव्हतं. गाय रवंथ करत होती.

आठपैकी चार बरोबर आल्या. नाणं उडवलं असतं तरी तेवढ्याच आल्या असत्या.

त्या शनिवारी ती घरी गेली तेव्हा ओसरीत भिंतीकडं तोंड करून एक नवी पाटी उभी होती. अप्पांनी ती परीक्षेआधीच रंगवून घेतली होती. 'डॉ. ईश्वरी शिवलिंग बिरादार' आणि खाली बारीक अक्षरात पदवी. निकालाच्या दिवशी लावायची, असं ठरलं होतं. फेरपरीक्षेत नापास झाली तर पाटी आणखी वर्षभर तशीच उभी राहणार होती.

तिनं सगळं सांगितलं. अप्पा ऐकत राहिले.

"मी कधी 'हं' म्हणतो?"

तिनं मोबाइलवर नोंद लावली. तिचा आवाज आला, 'उजवं जरा भरल्यासारखं.' मोबाइलमधले अप्पा म्हणाले, 'हं.' खाटेवर बसलेले अप्पाही त्याच क्षणी म्हणाले, "हं."

ईश्वरीला हसू आलं. अप्पांना आलं नाही.

"म्हणजे माझ्यापायी नापास झालीस म्हण की."

"तसं नाही, अप्पा."

"मग कसं? लेकरू बरोबर सांगायलंय म्हणून माणूस हुंकार देतो. त्यात बी यंत्रानं चोरी करावी का?"

"यंत्रानं नाही. मीच केली, मला कळलंसुद्धा नाही. तुम्ही मागं उभं होता म्हणून मला कधी आत लक्ष द्यायची गरजच पडली नाही."

अप्पांनी पाटीच्या मागच्या कोऱ्या बाजूकडं बघितलं. "मॅडम म्हणतात ते बटन दाब की मग. पास तर हो. हात काय, सवयीनं येईल."

"माझा हात दीडशे गायींत जाऊन आलाय, अप्पा. सवय झालीय. त्याला थांबायची सवय झालीय."

अप्पा उठले आणि गाडीची चावी घेऊन म्हणाले, "गुंडप्पाच्या दोन गायी आहेत तपासायच्या. चल."

ईश्वरीनं बारकूला पुसून टाकलं होतं. नाव ठेवलं, बाकी सगळं काढलं. माइक आता तिचं बोलणं संपलं की बंद व्हायचा. खरं उत्तर सांगायला तिनं विभागातलं हातात मावणारं सोनोग्राफीचं यंत्र मागून आणलं होतं. सगळ्या तालुक्याला अशी दोनच यंत्रं होती. मॅडमनी तीन आठवड्यांच्या बोलीवर दिलं होतं. आधी ईश्वरीनं मनाशी ठरवायचं, मग बारकूनं सांगायचं, मगच यंत्र लावून बघायचं.

गुंडप्पाच्या गोठ्यात अप्पांनी 'हं' निघू नये म्हणून उपरण्याचं टोक दातात धरलं. गुंडप्पा म्हणाला, "डॉक्टर, दाढ दुखायलीय का?"

ईश्वरीनं हात घातला. उजवं शिंग. मागं शांतता होती. आणि त्या शांततेत जमिनीवर चप्पल टपटप वाजू लागली.

"अप्पा, पाय."

अप्पांनी पाय रोवला. मग त्यांनी नाकातून जोरानं श्वास सोडला.

"अप्पा!"

"मग काय जीव देऊ का?" असं म्हणून अप्पा तरातरा निघाले, ते थेट बांधावरच्या कडुनिंबाखाली जाऊन, गोठ्याकडं पाठ करून उभे राहिले. त्यानंतर प्रत्येक गावात ते असंच लांब एखादं झाड शोधायचे. लोक विचारायचे, बाप-लेकीचं वाजलंय काय?

पहिले दिवस वाईट गेले. आता प्रत्येक शिंग भरल्यासारखं लागत होतं. आणि बारकू पूर्वीसारखा गप्प बसत नव्हता. ऐकायला दुसरं काही नसल्यामुळं तो विचारायचा.

"भरल्यासारखं म्हणजे कशासारखं?"

"पाणी भरलेल्या फुग्यासारखं."

"मूत्राशयही तसंच लागलं. फरक काय?"

ईश्वरीला सांगता आलं नाही. तिनं पुन्हा हात घातला, दोन्ही शोधून काढली, दोन्हींवर बोटं टेकवून बराच वेळ उभी राहिली. गाय वैतागली. "मूत्राशय एकटं असतं," ती शेवटी म्हणाली. "शिंगाला जोडीदार असतो. दुसरं बारीक आहे म्हणून हे मोठं."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"मलाच आत्ता कळलं."

सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाशयाच्या भिंतीआड गर्भाची पातळ पिशवी असते. चिमटीत हळूच धरून सोडली की ती बोटांतून निसटते. पुस्तकात ते चार ओळींत होतं. बारकूला ते कळेना. ईश्वरीनं स्वतःचा शर्ट आतल्या बनियनसकट चिमटीत धरला, सोडला. बनियन आधी निसटलं. तिनं हातमोजा घालून तेच वीसदा केलं, मग गायीत. "हेच," ती म्हणाली, आणि बारकूच्या आधी तिच्याच अंगावर काटा आला.

मग एका गायीत, चौथ्या महिन्यातल्या, तिच्या मधल्या बोटाखाली एक रक्तवाहिनी थरथरली. ठोका नव्हता तो, नळाला बोट लावल्यावर आतून पाणी पळताना लागतं तशी थरथर. दीडशे गायींत तिच्या बोटाखालून ती कितीदा गेली असेल कोण जाणे. ती ओरडलीच. कडुनिंबाखाली अप्पा वळले, आणि आठवण झाल्यासारखे लगेच पुन्हा पाठमोरे झाले.

फेरपरीक्षेला तेच परीक्षक आले. बारकू मदतनिसाला सांगत होता, "थोडं डावीकडं. सोडा. पुन्हा धरा." पहिल्या गायीला तो म्हणाला, "गाभण." सातव्या गायीपर्यंत सहा बरोबर, एक चूक. पास व्हायला सहा लागत होत्या. आठव्या गायीपाशी बारकू बराच वेळ थांबला.

"मला कळलं नाही," तो म्हणाला.

परीक्षकांनी मान वर केली. "शिष्य सहसा असं म्हणत नाहीत. काहीतरी ठोकून देतात. हे तू शिकवलंस?"

"हो सर."

"का?"

"मला कळत नव्हतं तेव्हा मी तसं म्हणत नव्हते, म्हणून."

त्यांनी गुण मांडले. आठपैकी सहा. संबोधीला आठ मिळाले होते. ती म्हणाली, "काठावर का होईना, पोहून आलीस."

पाटी लागली. पेढे वाटून झाले. त्यानंतरच्या आठवड्यात शेवंताबाईच्या गोठ्यात अप्पांनी बाह्या सरसावल्या. गेला महिनाभर ते गप्प गप्प होते. त्या गप्प राहण्याचा अर्थ ईश्वरीला आज कळला.

"शेवंताबाई, गायीबद्दल एक शब्द बोलायचा नाही," ते म्हणाले. "रेतन कधी केलं, माजावर आली का, काही म्हणजे काही नाही."

"का ओ डॉक्टर? रोज तर तुम्हीच खोदून खोदून विचारता."

"म्हणूनच. मला तीस वर्षांत कुणी न सांगता कळलंय का, ते बघायचंय." मग ते ईश्वरीकडं वळले. "आधी तू बघ. काय ते मनात ठेव."

ईश्वरीनं तपासलं. उजवं शिंग, दोन महिने. पिशवी बोटांतून निसटली. तिनं बारकूलाही सांगितलं नाही. तो तिच्या कानातल्या यंत्रातून म्हणाला, "मला आलं उत्तर." "गप्प," ती पुटपुटली.

मग अप्पांनी हात घातला. डोळे मिटले. गाय एकदा हलली, स्थिर झाली.

"उजवं..." अप्पा म्हणाले, आणि थांबले.

तो थांबा ईश्वरीनं ओळखला. हात थांबला होता आणि कान मागं वळले होते. तिच्या घशात 'हं' तयार झाला. तिनं ओठ घट्ट मिटले. पण ती बोलली नाही तसा अप्पांचा खांदा किंचित खाली आला. गप्प राहणं हेही 'रिकामी' असं उत्तरच होतं. शेवंताबाईशी काही बोलावं, तर ते त्याहून मोठं उत्तर झालं असतं.

मग ती वळली. गोठ्यातून बाहेर पडली, उकिरडा ओलांडला आणि बांधावरच्या कडुनिंबाखाली जाऊन पाठमोरी उभी राहिली. इथून काहीच ऐकू येत नव्हतं. अप्पांना इथं कसं वाटत असेल, याचा तिनं आजवर विचार केला नव्हता.

बऱ्याच वेळानं मागून हाक आली. "ईशे! दोन महिने! उजव्या शिंगात! बरोबर का?"

"त्यांना सांगायचं?" बारकूनं विचारलं.

"थांब," ईश्वरी म्हणाली. "आधी त्यांना हात बाहेर काढू दे."